बायपॅपची ‘सवय’ लागत नाही, सिलिंडर मात्र घात करू शकतो

मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करणारा आजार) असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये बायपॅपबद्दल, म्हणजे मास्कमधून दोन दाबांनी हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज सतत फिरतो: ‘घरी बायपॅप म्हणजे श्रीमंत देशांची थेरं. एकदा लावलं की सवय लागते, वीज गेली की मुलगा गेला. त्यापेक्षा ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवा.’ यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक, म्हणून आधी तोच.

ड्युशेन हा याच आजाराचा एक प्रकार. अशा आजारात मूळ दुखणं फुप्फुसांचं नसतं, त्यांना हलवणाऱ्या स्नायूंचं असतं. छातीचा भाताच नीट दाबला जात नाही. झोपेत श्वास उथळ होतो आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातो. अशा वेळी नुसता ऑक्सिजन लावला की ऑक्सिमीटरवर ९८ दिसतं, घरचे निर्धास्त झोपतात आणि मुलगा गुंगीत जातो. बोटावरची ती चिमटी कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही! न्यूमोनियात ऑक्सिजन लागू शकतो, पण तेव्हाही श्वासाला मशीनचा आधार हवा आणि डॉक्टरांची नजर.

आता ‘सवय’. मशीनचे तास वाढतात ते आजार पुढे सरकतो म्हणून. मशीन टाळल्याने स्नायू काही टिकत नाहीत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या नोंदी बघा: १९६०च्या दशकात ड्युशेनच्या मुलांचं मृत्यूचं सरासरी वय १४.४ वर्षं होतं. १९९०नंतर ज्यांना घरी श्वासाचा आधार मिळाला, त्यांचं २५.३. मात्र गरज नसताना, ‘आधीच लावून ठेवू’ म्हणूनही फायदा होत नाही. १९९४च्या फ्रेंच चाचणीत तसं करून उलट जास्त मुलं दगावली. गरज कळते ती लक्षणांवरून आणि तपासण्यांवरून. सकाळी डोकं ठणकतं, न्याहारी नको होते, वर्गात डुलक्या लागतात, रात्री ‘आई, कूस बदल’ अशा हाका वाढतात. फुप्फुसांची क्षमता निम्म्याखाली आली की लक्षणांची वाट न बघता झोपेतला श्वास तपासून घ्यावा.

विजेची भीती मात्र खरी आहे. फक्त रात्री मशीन वापरणारा मुलगा सहसा वीज गेल्यावर स्वतः श्वास घेऊ शकतो, पण मास्क लगेच काढायला हवा. बंद मशीनच्या मास्कमधून सोडलेलीच हवा परत आत जाते. दिवसाही मशीनवर असलेल्यासाठी बॅटरी आणि उशाशी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, हवीच. ती दाबायला घरातल्या दोघांना तरी शिकवलेलं असावं.

राहिला पैसा. मशीन महाग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण स्वस्तात मिळतं म्हणून सीपॅप गळ्यात मारून घेऊ नका. ते एकाच दाबाने हवा देतं, थकलेल्या स्नायूंचं काम उचलत नाही. आणि त्याच साध्या अँबू बॅगने, मशीन येण्याआधीही, बरंच करता येतं: दोन-तीन दाबांत छाती भरायची, श्वास रोखायचा, मग खोकताना दुसऱ्याने पोटावर झटकन दाब द्यायचा. अडकलेला कफ सुटतो. फिजिओथेरपिस्टकडून एकदा हात बसवून घ्या आणि सर्दी झाली की दिवसातून अनेकदा करा.