पासिंगचा दगड

आमच्या गाडीला हँडब्रेक आहे. म्हणजे दांडा आहे. ओढला की कर्रर्र वाजतो आणि गाडी जिकडे निघाली असेल तिकडे जात राहते. म्हणून गेली सहा वर्षं ड्रायव्हरच्या सीटखाली एक काळा दगड असतो. उतारावर थांबलो की मी खाली उतरतो, मागच्या चाकाला दगड लावतो, मग कुलूप. घरात कोणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. लेकीच्या लग्नात व्याह्यांना स्टेशनवरून आणलं तेव्हाही दगड सोबत होता.

पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि आमची मुदत मार्चात संपत होती. फॉर्म 25 भरायचा, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, की पुढची 5 वर्षं मिळतात. आमच्याकडे याला सरळ पासिंग म्हणतात. 1 एप्रिल 2022 च्या आधी कारला 600 रुपये लागायचे, आता 5000 लागतात. एवढे भरल्यावर साहेब गाडीला नुसतं लांबून पाहतील, अशी माझी भाबडी समजूत. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा असतो. तिथली माती खरवडली तर आतून सोयाबीनचे आठ-दहा दाणे निघाले, दोघांना कोंब आलेले. ती माती तशीच ठेवली असती तर मळणीच करावी लागली असती.

सोबत शेजारचे काकाजी होते. त्यांचं जिल्ह्याच्या गावी काम होतं आणि एसटीचे पैसे वाचत होते.

साहेबांनी गाडी चढावर घ्यायला लावली. म्हणाले, "हँडब्रेक लावा."

मी सवयीनं दार उघडलं, सीटखालून दगड काढला, मागं गेलो, चाकाखाली सारला आणि हात झटकत सांगितलं, "लागला, साहेब."

साहेब बराच वेळ दगडाकडे पाहत राहिले. मग खाली मान घालून लिहू लागले. हँडब्रेक. ब्रेक लाइट. हॉर्न. मागचे दोन्ही टायर. त्या टायरांवर एकेकाळी नक्षी होती, हे मला तरी आठवत होतं. कागद माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "दुरुस्त करून परत आणा."

मी काकाजींना विचारलं, "आता घरी कशी न्यायची?"

"आनली तशीच न्याची," काकाजी खर्रा चोळत म्हणाले. "गाडीले थोडीच मालूम हाये, ते नापास झाली म्हून!"

गाडीला नव्हतं, पण मला होतं ना. सकाळी येताना 38 किलोमीटर मी शीळ घालत आलो होतो. आता तोच रस्ता, तीच गाडी, पण खिशात यादी. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 असं आहे, की धोका होईल असा दोष माहीत असताना गाडी चालवली तर 1500 रुपयांपर्यंत दंड. माहीत नव्हतं म्हणूनही सुटका नाही. नीट पाहिलं असतं तर कळलं असतं, तरी तेच. नोंदणी संपायला अजून अठरा दिवस होते, म्हणजे कागदावर गाडी धडधाकट. आणि ती आजारी असल्याचा लेखी पुरावा माझ्याच छातीशी.

त्या यादीनं माझे कान उघडले. डावीकडून कुईकुई, खालून खडखड, मागून कोणीतरी डबा घासत असल्यासारखं. हे सगळं सहा वर्षं वाजत होतं म्हणे.

कामं वाटून घेतली. हॉर्न आणि ब्रेक लाइट काकाजींकडे. मी ब्रेकवर पाय ठेवला की त्यांनी खिडकीतून हात काढून वरखाली करायचा. हात डावीकडून, त्यामुळे मागच्यांना वाटायचं आम्ही डावीकडे वळतोय. एक मोटारसायकलवाला आमच्यावर विसंबून पांदणीत शिरला, तो पुन्हा दिसला नाही. हॉर्नचं काम मात्र काकाजींनी चोख केलं. समोरून कोणी आलं की, "ओऽ, बाजूले व्हय ना बे!" आमच्या मूळ हॉर्नला ही भाषा कधी जमली नव्हती.

नाल्याचा रपटा ओलांडून चढ लागला आणि समोर गायकी, म्हणजे गुराखी, ढोरं घेऊन उभा. संध्याकाळी घरी येणाऱ्या ढोरांना घाई नसते. मी गाडी थांबवली, इंजिन बंद पडलं, गाडी मागं सरकू लागली. खाली नाला. एक पाय ब्रेकवर घट्ट रोवून सीटखाली हात घातला.

दगड नव्हता. तो आरटीओच्या चढावर राहिला होता.

"काकाजी, दगड!"

काकाजी उतरले. नेमका त्या टापूत एकही दगड नाही, काळी मऊ माती. एरवी डवरणी करताना पावलागणिक लागतात. शेवटी शेताच्या धुऱ्यावर उपटून ठेवलेली कपाशीची पऱ्हाटी त्यांनी कवळ्यानं ओढून चाकाखाली कोंबली. गाडी कुरकुरत तिच्यावर बसली. गायकी जवळ येऊन वाकून पाहत म्हणाला, "भाऊ, चूल पेटवता का काय?"

घरी पोचायला अंधार झाला. बायकोनं दारातूनच विचारलं, "झाली का हो पास?"

"दगड तिथंच राहिला," मी म्हटलं.

"अगोबाई! मग उतारावर कसं करणार?"

हँडब्रेकची नवी केबल, दोन टायर, हॉर्न, बल्ब. हिशेब सांगत नाही, बायकोही वाचते. आठ दिवसांनी पुन्हा नेली आणि पास झाली. निघताना चढावर नजर गेली. आमचा दगड दुसऱ्या एका जुन्या जीपच्या मागच्या चाकाखाली होता. मागून घ्यावासा वाटला, पण तिची तपासणी चालू होती.