सात सूर आणि रेल्वे गेट

चिरंजीवांना कीबोर्डच्या क्लासला घातलं ही माझी चूक. बेळगावच्या शहापुरात आमची घरं भिंतीला भिंत लावून, त्यामुळं ती आता अख्खी गल्ली भोगते आहे. आप्पांना वाटत होतं नातवानं पेटी शिकावी. नातवाला वाजवायचा होता मारिओ, म्हणजे त्या व्हिडिओ गेमचं गाणं. पोरगं शिकतंय ते काय कमी, म्हणून मी गप्प बसलो.

टँ टँ, टँ, टँ टँ, टँ... टूँ.

एवढंच. सात सूर. पुढचं त्याला येत नाही, म्हणून तो थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खरा छळ त्या थांबण्यात आहे. गाणं पुरं वाजलं तर माणूस विसरतो तरी. अर्धवट राहिलं की अडकलेल्या शिंकेसारखं होतं. डोकं आपलं आपणच ते पुरं करायला बसतं. परवा एका तेराव्याच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं, "भात?" मी म्हणालो, "टूँ." घरचे लोक शोकात होते म्हणून निभावलं.

दोष तरी कुणाला द्यायचा? नव्वदीच्या दशकात हे विष घरात मीच आणलं होतं. पिवळं कार्ट्रिज, वर '9999999 इन 1' असं छापलेलं, आत तेच चार-पाच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा. त्यात मारिओ मात्र खरा होता. ते संगीत कोजी कोंडो नावाच्या जपानी माणसानं 1985 साली केलं हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कसल्या गरिबीत केलं हे कळल्यावर तर राग थोडा निवलाच. निन्टेंडो कंपनीच्या त्या गेमच्या डब्यात वाजवायला माणसं, म्हणजे एका वेळी निघणारे आवाज, किती? दोन पेटीवाले, एक खर्ज धरणारा आणि एक नुसताच खसखस करणारा, त्यालाच तबलजी समजायचं. त्यात मारिओनं उडी मारली की पेटीवाल्यांपैकी एकजण हातातलं सोडून उडीचा आवाज काढायला धावायचा आणि उडी संपली की परत येऊन बसायचा. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रातसुद्धा याहून जास्त माणसं असतात, आणि त्यातलं कुणी मधेच उठून जात नाही. चहा आला तर गोष्ट वेगळी.

आप्पांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात. "काय रे हे, दाराची बेल बिघडल्यागत वाजवायलास? साकु माडप्पा आता!" वैतागले की आप्पा कन्नडात जातात.

नातू कसला ऐकतोय. त्यानं मोबाइल पुढं धरला. "आजोबा, हे गाणं 2023 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या यादीत घेतलंय. गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच गेलंय!"

"जपून ठेवलंय न्हवं? मग तिथंच राहूदे की."

खरी गंमत पुढंच झाली. पोरानं मोबाइलवर पाण्यातल्या लेव्हलचं संगीत लावलं, मारिओ माशांमधून पोहतो ते. आप्पांची बोटं गुडघ्यावर पडायला लागली. धा धी ना, धा तू ना. सहा मात्रा, चोख. "हा दादरा आहे की रे!" मी म्हटलं, आप्पा, त्याला तिकडं वॉल्ट्झ म्हणतात. "म्हणोत बापडे. हा पाण्यातला तेवढा खानदानी माणूस. तो जमिनीवरचा नुसता धावतोय, मागं सावकार लागल्यागत." तेव्हापासून संध्याकाळी एकदा पाण्यातलं ऐकायचं आणि दिवसभर जमिनीवरचं सोसायचं, असा आमच्या घरात तह झाला.

मी मात्र तहाबाहेरच राहिलो. आमच्याकडं गुणगुणायचं म्हटलं तरी कुठल्या भाषेत हा प्रश्न येतो. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, घरात मराठी, बाजारात दोन्हींची मिसळ. या सुरांना शब्दच नाहीत, त्यामुळं हरकत घ्यायची ती कशावर?

गेल्या सोमवारी टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटला अडकलो. मालगाडी. डबे संपता संपेनात, आणि मला ऑफिसला आधीच उशीर झालेला. नकळत शिट्टी वाजली: टँ टँ, टँ, टँ टँ, टँ... टूँ. आणि मी थांबलो. पोराची सवय मलाही लागली होती.

पुढचे सूर शेजारच्या रिक्षातून आले. कन्नडचा लाल-पिवळा झेंडा लावलेली रिक्षा, चालक माझ्याच वयाचा. समोर बघत, हँडलवर बोटं आपटत, त्यानं दुसरी ओळ पुरी केली, मग तिसरीही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं रिकामं झालं. मी मान डोलावली, त्यानंही डोलावली.

शेवटचा डबा गेला. गेट वर सरकायला लागलं आणि दोन्ही बाजूंनी हॉर्न सुरू झाले. गेममध्ये घड्याळाचा आकडा शंभराच्या खाली गेला की तेच गाणं जास्त घाईनं वाजायला लागतं, ते त्याला आणि मला एकाच वेळी आठवलं असावं. त्यानं शिट्टीचा वेग वाढवला, रिक्षा सुरू केली आणि माझ्याकडं बघून ओरडला,

"टाइम मुगीतु नोड्री!" म्हणजे, वेळ संपली बघा!

आणि माझ्या चाकाला घासून पुढं निघून गेला.