सेंतेंद्रेला अर्धा दिवस पुरतो म्हणे

बुडापेस्टला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, सेंतेंद्रेबद्दल ठरलेलं उत्तर मिळतं : ‘‘छोटंसं गाव आहे हो, अर्धा दिवस पुरे!’’ या उत्तरावर माझा जुना राग आहे. गाव बघायला अर्धा दिवस पुरतो, हे कबूल. पण तिकीट, पाणी, जेवण आणि सुट्टे पैसे यांत उरलेला अर्धा दिवस कसा जातो, ते कोणी सांगत नाही. ते काम मी करतो.

डॅन्यूबच्या काठाने बुडापेस्टपासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. जायला ‘हेव’ नावाची लोकल आहे. तांबड्या मेट्रोने बात्यानी तेरला उतरायचं आणि तिथून हेवची ‘एच ५’ गाडी धरायची. प्रवास चाळीस मिनिटांचा. इतकं सोपं ऐकलं की आपला माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच अडकतो.

कारण खिशातला बुडापेस्टचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो. हद्द संपते बेकाशमेद्येर स्टेशनला. त्यापुढच्या टप्प्याचं पूरक तिकीट वेगळं काढावं लागतं. आता गंमत बघा, हद्द ओलांडताना काही म्हणजे काही घडत नाही. गाडी तीच, सीट तीच, खिडकीबाहेरची झाडंही तीच. आपण मात्र त्या क्षणापासून विनातिकीट प्रवासी. तपासनीस आला की ‘‘पण माझ्याकडे तीन दिवसांचा पास आहे’’ हे वाक्य कितीही कळवळून म्हटलं तरी दंड कमी होत नाही. म्हणून पूरक तिकीट चढण्यापूर्वीच काढा, यंत्रावर किंवा ‘बुडापेस्टगो’ ॲपवर. पास असेल तर बेकाशमेद्येर ते सेंतेंद्रे एवढंच, नसेल तर अख्ख्या अंतराचं. तिकीट कागदी असेल तर ते पंच करायचं. पंच न केलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी कोराच कागद. आणि मेट्रोत वापरलेलं एकेरी तिकीट हेवमध्ये दाखवायचा विचारसुद्धा करू नका, ते मेट्रोबरोबरच संपलं.

तिकीट झालं, आता गाडीची पाटी वाचा. एच ५ च्या काही गाड्या बेकाशमेद्येरलाच थांबतात. आपल्याला हवी ती ‘सेंतेंद्रे’ लिहिलेली. चुकीची पकडली तरी जगबुडी होत नाही, त्याच फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघायची. फक्त ‘अर्धा दिवस’ तेवढा आखडतो. डबे जुने, पूर्व जर्मनीच्या काळात तिथल्याच कारखान्यात बनलेले. त्यांत एसी नाही. उन्हाळ्यात खिडकीजवळची जागा मिळवायला मुंबईकरांना वेगळं शिकवायला नको.

हंगामात बोटही असते. जाताना दीडेक तास, परतताना सुमारे एक तास, कारण येताना नदी आपल्या बाजूने असते. घाई असेल तर जाताना हेव आणि येताना बोट. उलटं करणारे बहुधा फोटोवाले.

स्टेशनवरून पंधरा मिनिटं चाललं की फो तेर, म्हणजे गावाचा मुख्य चौक. इथे आपल्या मंडळींची खरी परीक्षा सुरू होते. महाबळेश्वरला जसे पॉइंट असतात, तसे इथे नाहीत. चौकाच्या मधोमध एक क्रूस आहे, तो १७६३ साली सर्ब व्यापाऱ्यांनी उभारला, प्लेगची साथ गावाला शिवली नाही म्हणून. हे सर्ब लोक १६९० मध्ये तुर्कांपुढून निघून इथे आले आणि त्यांनी गावाला चर्च, व्यापार आणि पैसा दिला. एवढं सांगून झालं की मागून प्रश्न येतोच, ‘‘बरं, आता पुढे काय?’’ पुढे काही नाही. चर्चच्या टेकडीवर चढायचं, खालची लाल कौलं बघायची, उतरायचं. हेच बघायचं असतं.

संग्रहालय हवंच असेल तर कोवाच मार्गित या शिल्पकर्तीचं भाजक्या मातीचं काम जरूर बघा, पण सोमवार टाळून. सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात. मुलं बरोबर असतील तर मार्झिपानचं संग्रहालय आहे. बदाम-साखरेच्या त्याच पदार्थातून तिथे हंगेरीची संसद केली आहे, आणि पांढऱ्या चॉकलेटचा पूर्ण उंचीचा मायकेल जॅक्सन उभा आहे. गोव्यात नाताळात काजूचं मार्झिपान करणाऱ्या बायकांनी तो बघून काय म्हटलं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

रस्ते गोल दगडांचे, उतरते. टाचांच्या चपला आणि चाकांची बॅग दोन्ही बुडापेस्टलाच ठेवा. काठावर फिरताना समोर दिसते ती अख्खी डॅन्यूब नव्हे, तिचा एक फाटा. पलीकडचा किनारा हे तीसेक किलोमीटर लांबीचं बेट आहे. म्हणून नदी इतकी गरीब वाटते. पण २०१३ च्या जूनमध्ये बुडापेस्टला हीच नदी ८९१ सेंटिमीटरवर गेली होती, तेव्हा तिच्या दिसण्यावर जाऊ नका.

आता जेवण. शाकाहारी लोकांनी हे जरा सावकाश वाचावं. मेन्यूत पालाचिंता दिसली की गोड घावन समजून आपण खूश होतो. साधी पालाचिंता असतेही गोड. पण पुढे ‘होर्तोबाद्यी’ असा शब्द जोडला असेल तर आत खिमा आणि वर पाप्रिकाचा रस्सा. उलट आंबट चेरीचं गार सूप मागवलं तर ते गोड, गुलाबी आणि मलईदार येतं, तेही जेवणाच्या सुरुवातीला. तूरोश चुसा म्हणजे पनीरसारख्या ताज्या चीजचे नूडल्स, ऐकायला अगदी सात्त्विक, पण वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरतात. राजम्यासारख्या बीन्सच्या सूपमध्येही धुरावलेलं मांस असतं. भरवशाचा एकच, तळलेलं चीज, ‘रांतोत शायत’. चव आळणी वाटली तर ‘एरोश पिश्ता’ मागा, ही वाटलेल्या मिरचीची खारट चटणी आहे. खारट म्हणजे फार खारट, चमच्याने नको, टोकाने.

आणि लांगोश! चौकातून टेकडीकडे जाणाऱ्या अरुंद बोळात मिळतो. हा भटुऱ्याचा थोरला भाऊ : यीस्टचं पीठ हाताने असं ताणतात की मध्य पातळ राहतो आणि कडा जाड, मग गरम तेलात. बाहेर आल्यावर आधी लसणाचं पाणी ब्रशने, मग तेयफोल म्हणजे आंबट साय, शेवटी किसलेलं चीज. क्रम महत्त्वाचा, सायीवर लसूण ओतला तर तो घसरून कागदात जातो. घडी घालू नका, साय मनगटापर्यंत येते. कडेपासून खा, मध्य शेवटी. पाच मिनिटांत संपवा, गार लांगोश चामड्याशी स्पर्धा करतो. एकाला एक पूर्ण नको, दोघांत एक पुरतो, हे पोट नंतर सांगतं म्हणून मी आधी सांगतो.

पाण्याची बाटली झाकण बघून घ्या. हंगेरीत निळं झाकण म्हणजे बुडबुड्यांचं पाणी, गुलाबी म्हणजे साधं, हिरवं म्हणजे थोडेसे बुडबुडे. तहानेने आलेला माणूस निळ्यालाच हात घालतो. स्वच्छतागृहाला नाणी लागतात, आणि दारावरचं ‘एफ’ पुरुषांचं असतं, ‘एन’ बायकांचं. बायकांनो, इंग्रजी विसरून दार उघडा.

राहता राहिले पैसे. एका रुपयाला साधारण चार फोरिंट, म्हणजे कॉफीचा हजाराचा आकडा बघून घाबरू नका, चारने भागा. कार्ड फिरवताना यंत्र रुपयांत द्यायचं का विचारतं, तेव्हा फोरिंटच निवडा, नाहीतर दर त्यांचा लागतो. खानावळीच्या बिलात दहा-पंधरा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं का, ते आधी पाहा. आणि सर्वांत मोठा सापळा आपल्या संस्कारांचा : वेटरच्या हाती मोठी नोट देताना ‘कोसोनोम’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं तर इथे त्याचा अर्थ ‘उरलेले ठेवा’ असा होतो आणि तो आनंदाने ठेवतो. तेव्हा नोट मुकाट्याने द्या, सुट्टे परत येऊ द्या, मोजा, खिशात टाका, आणि मग हवं तितक्या वेळा कोसोनोम म्हणा.