ओकावांगोचं पाणी आणि तो व्हॉट्सॲपचा मेसेज

सफारीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'बोत्स्वानाच्या ओकावांगोला (नदीच्या त्रिभुज प्रदेशात) जानेवारी-फेब्रुवारीत जा, पावसाळ्यात पाणी भरलेलं असतं. जून ते ऑगस्ट कोरडा ऋतू, नुसती धूळ. आफ्रिकेत गरम कपडे लागत नाहीत. मोकोरोतून (तिथल्या अरुंद होडीतून) सिंह जवळून दिसतात.' त्यावर विसंबून लोक सुट्ट्या टाकतायत, म्हणून हे लिहितोय.

पाण्याचा मुद्दा साफ उलटा आहे. आपल्याकडे घाटात कोसळलं की कोयना लगेच फुगते, म्हणून तिथंही तसंच असेल असं वाटतं. पण ओकावांगोत येणारा पूर अंगोलाच्या पठारावरचा असतो. तिथं साधारण डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो आणि कुइतो नद्यांतून खाली येतं आणि मग जवळजवळ सपाट जमिनीवर, पपायरस या उंच पाणगवतामधून, वाळूत मुरत सरकत राहतं. माउन गावाजवळ तमालाकाने नदीच्या पात्रात ते बहुधा जून-जुलैत पोचतं. म्हणजे आभाळ निरभ्र, आणि खाली पूर! आजूबाजूची डबकी तोवर आटलेली असतात, त्यामुळे हत्ती, म्हशी, लेचवे (पाणथळीतली हरणं) या पाण्याकाठी गोळा होतात. जानेवारीत मात्र गवत उंच, रानभर पाणी, जनावरं पांगलेली. इंपाला हरणांची नवजात पिल्लं आणि पाहुणे पक्षी बघायचे असतील तर तेव्हा अवश्य जा, पण पुरासाठी नको.

कपड्यांबद्दल थोडक्यात: जुलैत पहाटे उघड्या जीपमध्ये मी स्वेटरवर जाकीट, त्यावर घोंगडी घेतली होती, तरी बोटं बधिर झाली. कानटोपी न्याच.

मोकोरो सिंहांसाठी नसतेच. मागे उभा राहून लांब काठीनं ती ढकलणारा नावाडी पाणघोड्यांमुळे खोल पाणी टाळतो आणि उथळ वाटांनीच नेतो. आपण इतके खाली बसतो की कमळं डोळ्यांच्या पातळीला येतात. आमच्या नावाड्यानं काठी थांबवून एका लव्हाळ्याकडे बोट दाखवलं. नखाएवढा बेडूक देठाला चिकटून बसला होता. सिंह मोरेमी अभयारण्यात जीपमधून शोधा.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांनी सांगायला हवी होती. अंगोलात पाऊस कमी झाला की पूरही कमी येतो. 2019 मध्ये माउनला नदी कोरडीच राहिली होती. त्यामुळे मे-जूनचं बुकिंग पक्कं करण्याआधी, नदी बोत्स्वानात शिरते त्या मोहेम्बोला यंदा पाणी किती आहे, हे कॅम्पवाल्यांना विचारा.