हेडसेट विकणार नाही, आणि तक्रारही करत राहणार

काकाजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि पोटतिडकीने लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सवडीने लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी माझ्या व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोक्याला बांधून आभासी जगात खेळायच्या यंत्राचा, त्रास मांडला होता. उन्हाळ्यात तो तापून बंद पडतो, लाइन गेली की भांबावतो, अपडेटच्या नावाखाली दिवसाचा डेटा संपवतो, आणि मधे तर खात्याच्या भानगडीत पार कुलूपबंद झाला होता. त्यावर तुम्ही लिहिलं, "बाप्पा, इथं कापसाले भाव नाही अन् तुम्ही चाळीस हजाराचा डब्बा डोक्याले बांधून बसले. शौक हाय त करा, पण मंग रडता कायले? ही वस्तू खेड्यासाठी बनलीच नाही. इकून टाका अन् मोकळे व्हा." पुढे पोरांच्या डोळ्यांची काळजी आहे, आणि पुण्याला शिकणारा पुतण्या हेच मागून राहिला, त्याला काय सांगू, असा प्रश्नही आहे.

कापसाबद्दल तुमच्याशी वाद घालायचा नाही. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आयात कापसावरचा ११ टक्के कर काही महिन्यांसाठी उठवला, आणि त्यानंतर खेडा खरेदीला आलेला व्यापारी काय बोलतो ते तुम्ही तिकडे ऐकता, आम्ही इकडे ऐकतो. आमचा कापूस बैठकीत भरून ठेवला आहे. खिडकीच्या वरपर्यंत गंजी लागली आहे आणि घरातले सगळे हात खाजवत फिरतात. हेडसेट घालून उभं राहून खेळायचं तर साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा मोकळी लागते. दिवाळीपासून भाव येईपर्यंत ती आमच्या घरात नसते. जमिनीवर हद्द आखायला गेलं की यंत्र सांगतं, जागा अपुरी आहे. तेव्हा कापसाची काळजी मला नाही असं कृपया समजू नका. ती माझ्या बैठकीत छताला टेकायला आली आहे.

पण त्या काळजीतून "म्हणून खेड्यातल्या माणसाने असली वस्तू घेऊ नये" इथपर्यंत तुम्ही जे जाता, तिथे मी तुमच्यासोबत येत नाही. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. हंगामात विहिरीवरच्या मोटरी जळतात, त्या मी भरून देतो. ते पैसे माझ्या कष्टाचे आहेत. हेडसेट मी कशासाठी घेतला, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. टेबल टेनिस खेळायला घेतला. शिक्षणासाठी, पोरांना अंतराळ दाखवायला, असं काही लिहिलं असतं तर तुम्हाला कदाचित पटलं असतं. पण खरं कारण टेबल टेनिस हेच आहे. आयटीआयला असताना होस्टेलवर टेबल होतं, हात बसला होता. गावात आलो आणि खेळ सुटला, कारण इथून जवळचं टेबल जिल्ह्याच्या गावी, एका क्लबात आहे. हेडसेटमध्ये चेंडूची फिरकी कळते, बॅट किती तिरकी धरली हे कळतं, समोर दुसऱ्या देशातला माणूस असतो. दुकान बंद करून आल्यावर अर्धा तास मी घामाघूम होतो आणि मला फार बरं वाटतं. शहरातल्या माणसाला त्याच्या बॅडमिंटन हॉलचा खुलासा कोणी मागत नाही. मलाही तो द्यावा लागू नये.

आता "खेड्यासाठी बनलीच नाही" हे तुमचं वाक्य. हे शंभर टक्के खरं आहे, आणि माझा अख्खा लेख त्याच्यावरच होता. फक्त तुम्ही त्यातून "मग सोडून द्या" असं काढता आणि मी "मग नीट बनवा" असं काढतो.

हे यंत्र खोली कशी ओळखतं ते बघा. त्याच्या अंगावर बाहेरच्या बाजूने बारीक कॅमेरे असतात. ते भिंतीचे कोपरे, दाराची चौकट, कॅलेंडर, कपाट अशा खुणा सतत पाहतात आणि त्यावरून तुमचं डोकं कुठे आहे, किती वळलं, हे ठरवतात. हातातल्या कंट्रोलरवर इन्फ्रारेड दिवे असतात, आपल्या डोळ्याला न दिसणारे. कॅमेरे ते टिपतात. म्हणजे सगळा खेळ उजेडावर आहे. लाइन गेली आणि खोलीत इन्व्हर्टरचा एकच मिणमिणता बल्ब राहिला, की खुणा दिसत नाहीत आणि समोरचं टेबल हळूहळू भिंतीकडे सरकायला लागतं. कोऱ्या, चुना मारलेल्या भिंतीचंही तेच, तिथे पकडायला काही नसतं. मी समोरच्या भिंतीवर बियाणे कंपनीची दोन मोठी कॅलेंडरं आणि एक रंगीत चादर लावली, तेव्हा बराच फरक पडला.

मग अंगणात खेळा, असं कोणी म्हणेल. दिवसा अंगणात खेळता येत नाही. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यात कंट्रोलरचे दिवे बुडून जातात. त्याहून वाईट गोष्ट आतल्या भिंगांची आहे. आपण लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तसं ऊन या भिंगांतून शिरलं की आतल्या पडद्यावर एका बिंदूत गोळा होतं आणि पडदा जाळतं. तो डाग कायमचा. थोडा वेळ जरी हेडसेट उन्हात भिंगं वर करून पडला तरी हे होऊ शकतं. बहुतेक कंपन्यांच्या सूचनांत हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घराची दारं-खिडक्या सकाळपासून उघडी असतात, तिथे ही सूचना डब्यावर ठळक छापायला पाहिजे.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. आत प्रोसेसर, पडदा, बॅटरी, सगळं चेहऱ्यापासून दोन बोटांवर. दुपारी टिनाच्या खोलीत ते चालू केलं की थोड्याच वेळात तापल्याची सूचना येते आणि बंद. कूलर लावला तर दमट हवेने भिंगांवर वाफ धरते. त्यात घाम. चेहऱ्याला टेकणारा स्पंज घामाने भिजतो आणि चामडी चरचरते. ही खाज आमच्या कापसाची असेल असं घरचे म्हणायचे, पण हा प्रकार खेड्यातल्या घामाचा किंवा कापसाचा नाही. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत फेसबुकच्या क्वेस्ट २ या हेडसेटचे सुमारे ४० लाख स्पंजचे भाग याच चामडीच्या तक्रारींमुळे परत मागवण्याची घोषणा करावी लागली आणि कंपनीने वरून सिलिकॉनचं आवरण दिलं. लोकांनी तक्रार केली म्हणून ते दिलं गेलं, काकाजी. तिथे कोणी त्यांना "डब्बा विका" म्हणून गप्प केलं नाही.

"रडता कायले" याचं उत्तर खरं तर इथूनच सुरू होतं.

माझ्या कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची काडी आपोआप एका बाजूला ओढायला लागली. उभा असलो तरी खेळातला माणूस डावीकडे चालायचा. विकणाऱ्याने सांगितलं की ही वस्तू बाहेर देशातून आलेली आहे, वॉरंटी इथे लागत नाही, पूर्ण नवा कंट्रोलर घ्या. मी दुकानात दिव्याखाली बसलो, बारीक, चांदणीसारख्या डोक्याचा पेचकस घेतला आणि उघडला. आत काडीच्या बुडाशी नखाएवढा पॉट, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसाच. कार्बनची पट्टी झिजलेली आणि तिच्यावर काळी भुकटी. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला, काडी चारही बाजूंनी फिरवली, वाळू दिलं, पुन्हा बसवलं. सरळ झाली. पट्टी पुन्हा झिजेल तेव्हा पॉटच बदलावा लागेल, पण तो पॉट काही रुपयांचा असतो. मोटर भरणाऱ्या माणसाला हे जमतं. आपल्या तालुक्याच्या गावात हे करणारे चार जण सहज निघतील.

पण खात्याचं कुलूप कोणत्या पेचकसने उघडू? एक दिवस यंत्राने मला पुन्हा ओळख पटवायला लावली. ओटीपी मोबाइलवर. त्या संध्याकाळी लाइन नव्हती, टॉवरची बॅटरी उतरलेली, ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागितला, पुन्हा तेच. जास्त वेळा प्रयत्न झाला म्हणून खातं अडकवलं. विकत घेतलेले खेळ त्याच खात्यात. पैसे माझे, बिल माझ्या नावावर, वस्तू माझ्या कपाटात, आणि चालू होईना. कंपनीला मेल पाठवले, यांत्रिक उत्तरं आली, आणि पुष्कळ दिवसांनी एकदाचं ते सुटलं.

तुम्ही शेतकरी आहात म्हणून तुमच्याच वावरातलं उदाहरण देतो. तुमच्या वडिलांच्या वेळी जिनातून सरकी परत आणायची आणि पुढच्या वर्षी तीच पेरायची. २००२ ला बीटी कपाशी आली, सगळी पराटी संकरित झाली, आणि घरची सरकी पेरून तसं पीक येत नाही म्हणून दरवर्षी पाकीट विकत घेणं आलं. २०२५ ला ४७५ ग्रॅमला ९०१ रुपये होते. वावर तुमचं, कष्ट तुमचे, पण जूनमध्ये दुसऱ्याच्या दारात उभं राहायचंच. हेडसेट घेऊन मी तसाच उभा आहे. त्यावर मी बोललो तर ते रडणं कसं?

आणि हे एकट्या माझ्या यंत्राचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या सॉफ्टवेअरवर चालणारे हेडसेट एचपी, सॅमसंग, एसर अशा कंपन्यांनी विकले. २०२३ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ती व्यवस्था बंद करणार असल्याचं सांगितलं आणि विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटमधून ती काढूनच टाकली. ते अपडेट घेतलेल्या कॉम्प्युटरवर धडधाकट हेडसेट चालेनासे झाले. भिंगं चांगली, पडदे चांगले, वायर चांगली.

आता उलटं उदाहरण. २०२० मध्ये क्वेस्ट २ आला तेव्हा तो वापरायला फेसबुकचं खातं सक्तीचं होतं. लोकांनी ओरड केली. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये त्यावर चौकशी लावली. ऑगस्ट २०२२ पासून ती सक्ती गेली आणि फेसबुकशिवाय वेगळं खातं चालायला लागलं. आणखी एक. फेसबुकचाच ऑक्युलस गो नावाचा स्वस्त हेडसेट २०१८ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याची विक्री थांबवायचं ठरलं. जॉन कार्मॅक हे तेव्हा तिथले मोठे इंजिनिअर होते. त्यांनी पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये कंपनीने त्याचं कुलूप कायमचं उघडणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी ठेवलं, म्हणजे उद्या सर्व्हर बंद झाले तरी ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याला ते हवं तसं वापरता यावं. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती होऊ शकते हे एकदा करून दाखवलेलं आहे.

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली आहेत. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, आणि गाड्या. तुमचा ट्रॅक्टर आणि माझा हेडसेट एकाच यादीत आहेत, काकाजी. ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळावा म्हणून तुम्ही बोलाल तेव्हा मी तुमच्या मागे उभा राहीन. माझ्या वेळी तुम्ही मला विकून टाका म्हणू नका.

डोळ्यांचं तुमचं म्हणणं मी मानतो. आतलं चित्र एकाच ठरावीक अंतरावर असतं आणि डोळे मात्र जवळ-दूर बघितल्यासारखे वळत राहतात, त्याने ताण येतो. काहींना मळमळतं, कारण डोळे सांगतात चाललो आणि कान सांगतो उभा आहे. बऱ्याच कंपन्या १३ वर्षांखाली देऊ नका म्हणायच्या. एका मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये ती मर्यादा पालकांच्या देखरेखीत १० वर आणली. मला ते पटलं नाही. आमच्या घरी १३ खाली कोणालाही मिळत नाही, कितीही रडारड झाली तरी.

राहिला पुतण्या. त्याला नाही म्हणू नका, पण घेण्याआधी चार गोष्टी बघायला सांगा. वॉरंटी भारतात लागते का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्यायचं. चष्मा असेल तर एकदा घालून बघायचं, आणि दोन डोळ्यांतलं अंतर किती जुळवता येतं तेही तपासायचं, नाहीतर अक्षरं कायम धूसर दिसतात. जुना घेत असेल तर विकणाऱ्याच्या समोरच त्याच्या खात्यातून यंत्र काढून, पूर्ण रिसेट करून, स्वतःच्या खात्यावर चालू करून मगच पैसे द्यायचे. आणि बिल जपून ठेवायचं, पक्कं, जीएसटीचं. ग्राहक आयोगात गेलं की पहिल्यांदा तेच मागतात.