इंजिनाचं सोवळं

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन घरीच खोलून बांधतोय असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय मर्दानी काम! कोपरापर्यंत काळे हात, एका हातात पाना, दुसऱ्यात हातोडी, चेहऱ्यावर बेफिकीर हसू वगैरे. साफ खोटं आहे हो. पाना हातात धरायची वेळ फार कमी येते. बाकी सगळा वेळ माणूस धूत असतो. धुतो, पुसतो, वाळवतो, ऑइल लावतो, झाकून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी झाकण काढून तेच परत पुसतो. स्वतःचा कप कधी न विसळणारा माणूस (घरच्यांचं मत, माझं नाही) ऑइल पंपाची एकेक चकती टूथब्रशने घासत बसलेला बघून आमच्याकडे पहिल्या आठवड्यात कौतुक झालं, नंतर संशय आला आणि मग टूथब्रश कुलपात गेले.

गाडी 1972ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची. दोन सीटची, छप्पर उघडणारी, दिसायला अशी देखणी की येणारेजाणारे थांबतात, आणि बॉनेट उघडलं की तेच लोक ‘एवढंच?’ म्हणून चालू लागतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. आतलं 1798 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात साध्यासुध्या घरगुती गाड्यांच्या खानदानातलं, बीएमसी ह्या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं, ह्याचाच 1489 सीसीचा भाऊ अँबेसिडर ओढायचा. ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) बीडाचा, हेडपण (त्याचं वरचं झाकण) बीडाचं, व्हॉल्व उघडायला लावणारा कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, त्याचा धक्का वर पोचवायला पुशरॉड नावाच्या काड्या, बाजूला पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर, खलास. 1962 ते 1980 ह्या काळात अशा पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या, त्यामुळे जो भेटतो तो सांगतो, ‘अरे ह्याच्यात काय आहे, अगदी सोपं इंजिन!’ सोपंच आहे. सोपं इंजिन धुवायला कमी लागतं असं मात्र कोणी म्हटलेलं नाही.

आमच्या इंजिनाने निळा धूर सोडायला सुरुवात केली होती, आणि गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा एखाद्या लाजऱ्या पाहुण्यासारखा खालीच बसायचा. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या आणि बेअरिंगही गेली. खोलणं झालं पटापट, त्यात सांगण्यासारखं काही नाही, नट फिरवले की वस्तू सुट्या होतात. फक्त प्रत्येक बेअरिंग कॅपवर (बेअरिंग जागेवर आवळून धरणाऱ्या तुकड्यावर) नंबर टाकायचा, कारण त्या कॅपा जागेवर बसवूनच कारखान्यात भोक कापलेलं असतं, तीन नंबरची चारवर गेली की संपलं.

खरी भानगड आकड्यांची आहे. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली होण्याने गोल फिरणारा दांडा) आणि बेअरिंगच्या मधे जी फट ठेवायची ती साधारण एक ते अडीच थाऊ, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिलिमीटर. एवढ्याशा फटीत ऑइलचा थर राहतो आणि अख्खा क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो, धातूला धातू लागतच नाही, लागला तर आवाजच येतो आणि मग खर्चच येतो. माणसाचा केस साधारण तीन थाऊचा. म्हणजे वाकून बेअरिंगचा शेल, म्हणजे त्याची पातळ अर्धगोल पट्टी, बसवताना डोक्यावरचा एक केस जर शेलच्या पाठीमागे जाऊन बसला तर शेल तेवढ्या जागी आत फुगतो आणि फट गायब. माझ्या डोक्यावर आता मोजकेच केस राहिलेत, पण जे गळतात ते बरोबर तिथेच गळतात, जिथे मी ऑइल लावून ठेवलेलं असतं. शेवटी डोक्याला फडकं बांधून काम करायला लागलो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तू दरोडा घालायला चाललायस का?’

इंजिन जुळवायच्या काळात ते पूर्ण सोवळ्यात असतं, शिवाशिव चालत नाही, आणि ज्याने आत्ताच बाहेर दाराला हात लावला त्याने आधी हात धुवायचे. हे नियम मी घरात जाहीर केले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मांजराने नाही डोलावली. आमच्या मांजराला दोनच जागा आवडतात, एक माझा लॅपटॉप आणि दुसरी म्हणजे जिथे मी आत्ताच पांढरं कापड अंथरलंय ती. गॅरेजचं दार बंद करून घेतलं तरी ती आत कशी येते हे कोडं मला सुटलेलं नाही, पण ती येऊन गेल्याचा पुरावा प्रत्येक वेळी ऑइल लावलेल्या पृष्ठभागावर मिळतो, तोही उजेडात तिरपं बघितलं तरच.

आता ब्लॉक. तो बोअर करायला, म्हणजे सिलिंडरची भोकं थोडी मोठी कापायला, वर्कशॉपमध्ये दिला होता, 30 थाऊ ओव्हरसाइज पिस्टन घालायचे होते म्हणून. परत देताना तो माणूस म्हणाला, ‘साहेब, धुवून दिलाय, सरळ बसवा.’ बोअर चमकत होते, आत होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासल्याच्या, तिरप्या फुलीफुलीच्या रेघा एकदम सुरेख. मी एका पांढऱ्या फडक्यावर ऑइल घेऊन एक सिलिंडर पुसला. फडकं राखाडी झालं. परत पुसला, परत राखाडी. ही राखाडी म्हणजे होनिंगच्या दगडाची पूड, ती त्या रेघांमध्ये ठाण मांडून बसते आणि तशीच राहिली तर नव्या कोऱ्या रिंगा काही तासांत घासून काढते. गंमत म्हणजे ती पेट्रोलने नाही जात, रॉकेलनेही नाही जात, त्याने नुसतं ऑइल निघतं आणि पूड आहे तिथेच. ती जाते गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रशने. बस, एवढ्याने. शंभर प्रकारची केमिकलं विकणारे लोक हे सांगत नाहीत.

बायको आतून ओरडली, ‘अरे, ओट्यावरची साबणाची बाटली कुठे गेली?’

‘ब्लॉकला लागली.’

‘किती?’

‘सगळी.’

ती बाहेर येऊन बघत उभी राहिली. मी लांब दांड्याचा ब्रश ऑइलच्या वाटांमधून आरपार घालत होतो, कारण त्या वाटांची टोकाची बुचं काढून आतून घासलं नाही तर आतला जुना चिखल पहिल्याच मिनिटाला थेट नव्या बेअरिंगवर येतो. फेस सगळीकडे. ‘एवढं तर बाथरूमची फरशी कधी घासली नाहीस,’ ती म्हणाली. ह्याला उत्तर नव्हतं आणि उत्तर शोधायला वेळही नव्हता, कारण ताजा कापलेला बीडाचा पृष्ठभाग ओला राहिला की काही मिनिटांत, अक्षरशः डोळ्यादेखत, नारिंगी व्हायला लागतो. म्हणून मग तिलाच हेअर ड्रायर घेऊन उभं केलं, ती वाळवतेय, मी मागोमाग ऑइल लावतोय, ती म्हणतेय इथे राहिलं, मी म्हणतोय तिथे नको आधी सिलिंडर, आणि ह्या सगळ्यात एकदाचं फडकं पांढरं ते पांढरं आलं. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही ह्यापेक्षा कमी बोलतो.

फडक्यांचंही एक शास्त्र आहे. जुन्या बनियनची फडकी सगळ्यात मऊ पण धागे सोडतात, आणि सुटलेला धागा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. म्हणून बिनधाग्याचा कागद वापरायचा. घरात जमवलेला बनियनांचा साठा त्यामुळे बेकार झाला.

आणि मग आईचा स्वच्छतेचा झटका. पुशरॉड 8 असतात आणि दिसायला सगळे एकसारखे, पण प्रत्येकाचं टोक ज्याच्या त्याच्या रॉकरशी (व्हॉल्व दाबणाऱ्या दांडीशी) घासून घासून जुळलेलं असतं, म्हणून ते काढले तसे क्रमाने ठेवायचे. मी एका पुठ्ठ्याला भोकं पाडून, 1 ते 8 लिहून, त्यात उभे खोचून ठेवले होते. संध्याकाळी बघतो तर पुठ्ठा नाही.

‘आई, इथे पुठ्ठ्यात काड्या होत्या ना लोखंडाच्या?’

‘ह्या काय! केवढा पसारा होता तो. पुसून, रबर बँड लावून नीट ठेवल्यात.’

खरंच लख्ख पुसल्या होत्या. इतक्या स्वच्छ मला जमल्या नसत्या. नवा सेट मागवला, रॉकर आणि त्यांचा शाफ्टही त्यासोबत, आणि आईला काही बोललो नाही कारण गेले कित्येक आठवडे घरात स्वच्छतेवर भाषणं मीच देत होतो.

बेअरिंगची फट मोजायला प्लास्टीगेज नावाचा मेणासारखा बारीक दोरा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, कॅप टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, 70 पाऊंड-फुटावर आवळायची, परत खोलायची, आणि दोरा किती चपटा झाला ते सोबतच्या कागदी पट्टीवर बघायचं, जितका रुंद तितकी फट कमी. अट एकच, मधल्या काळात क्रँक हलता कामा नये. नेमके त्याच वेळी शेजारचे काका आले. काकांनी तरुणपणी बरीच इंजिनं बांधलीत असं काका सांगतात. ‘काय, मोकळा फिरतो का?’ असं विचारता विचारताच त्यांचा हात पुलीवर, आणि मी ‘काका, न...’ म्हणेपर्यंत अर्धा फेरा झालेला. दोऱ्याचा लेप झाला. तो नखाने हळूच काढून, पुसून, नवा दोरा ठेवून सगळं पहिल्यापासून. काका शांतपणे स्टुलावर बसून म्हणाले, ‘आमच्या वेळी हे दोरे नव्हते, हाताला कळायचं.’ कळतही असेल. काकांचा हात तरी धुतलेला कुठे होता!

पिस्टन तसे मुकाट गेले. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना रबरी नळीचे तुकडे घातले, म्हणजे आत जाताना क्रँकवर ओरखडा नको, रिंगांची तोंडं एकमेकांसमोर येणार नाहीत अशी फिरवली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने टक टक करत एकेक खाली. हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने, थोडं थोडं करत, 45 ते 50 पाऊंड-फूट.

चालू करायचा दिवस मात्र मिरवणुकीचा. आधी प्लग काढून नुसता स्टार्टर मारत राहायचं, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. हलला! मग प्लग लावून खरोखर चालू. आता इथे एक अडचण अशी आहे की नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारे तुकडे) एकमेकांवर बसायला इंजिन चालू झाल्या झाल्या 2000 आरपीएमच्या आसपास 20 मिनिटं ठेवायचं असतं, आयडलवर सोडायचं नाही, कारण कॅमला ऑइल मिळतं ते बरंचसं क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि क्रँक हळू फिरला तर शिंतोडे कमी. ऑइलही जस्तवालं घालायचं. हे मला माहीत होतं. जमलेल्या लोकांना नव्हतं. त्यांना फक्त दिसलं की इंजिन बोंबलतंय आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून धूर येतोय. तो धूर म्हणजे माझ्याच बोटांचे ऑइलचे ठसे जळत होते, संपूर्ण इंजिनात न धुतलेली तेवढी एकच जागा. पण आवाजात सांगणार कोणाला? काका हाताने ‘बंद कर, बंद कर’ करतायत, आई देवाचं नाव घेतेय, कोणीतरी पाण्याची बादली घेऊन धावत आलं आणि बायको बादलीच्या आणि गाडीच्या मधे दोन्ही हात पसरून उभी. हेअर ड्रायर धरून उभी राहिलेली बाई ती, ब्लॉकवर पाणी पडलं तर काय होतं हे तिला तिथे जमलेल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक.

20 मिनिटं झाली, बंद केलं, ऑइल काढलं, फिल्टर कापून आतल्या घड्या उलगडून उन्हात धरल्या. चकाकणारं, म्हणजे धातूचं, काही नाही. एक केस होता. पांढरा, छोटा, मांजराचा.

आता रनिंग-इन, म्हणजे नव्या भागांना हळूहळू रुळवणं, चाललंय. फार पळवायची नाही, एकाच स्पीडला धरून ठेवायची नाही, 3000च्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. काल छप्पर उघडून सगळ्यात डावीकडून चाललो होतो तर एक स्कूटर, तिच्यावर तिघं जण, आम्हाला ओलांडून गेले आणि मागच्याने वळून टाटा केला.

‘बाबा,’ मुलगी म्हणाली, ‘ही स्पोर्ट्स कार आहे ना?’

‘आहे. पण पुढच्या ऑइल चेंजनंतर.’