परशादा ताटात टाकायचा नसतो

आज सकाळी नाशिकला रामकुंडाच्या पायऱ्यांवर चौघे जण एका म्हाताऱ्याला पुरीभाजीचे पाकीट देत होते आणि फोटो नीट येईपर्यंत पाकिटाचे दुसरे टोक सोडत नव्हते. फोटो मनासारखा आला नाही, म्हणून दिलेले पाकीट परत घेऊन त्यांनी ते पुन्हा दिले. दुसऱ्यांदा! तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

शिंगाडा तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात मी रविवारी लंगरच्या सेवेला जातो. पहिल्या दिवशी माझ्याकडे परशादे, म्हणजे पोळ्या, वाढण्याचे काम आले. लग्नाच्या पंगतीत वाढायची सवय असल्यामुळे मी ताटांत भराभर पोळ्या टाकत निघालो, तेव्हा मागून डाळीची बादली घेऊन येणाऱ्या वृद्ध सेवादारांनी मला थांबवले. "बेटाजी, हाथ में दो, झुक के." समोरचा दोन्ही हात पुढे करतो आणि आपण वाकून त्यावर परशादा ठेवतो. पंगत जमिनीवर बसलेली, त्यामुळे प्रत्येकापुढे वाकावेच लागते. तासाभरात माझी कंबर धरली.

त्या पंगतीत दुकानदार असतो, रुग्णाचा नातेवाईक असतो, पुलाखाली झोपणाराही असतो. त्यांतला गरजू कोण, हे वाढणाऱ्याला कळत नाही आणि कळू नये अशीच ती मांडणी आहे. शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग संगत, म्हणजे आधी सर्वांसोबत जेवण आणि मग भेट, असा दंडक घातला, आणि बादशहा अकबरालाही भेटीआधी पंगतीत बसावे लागले असे परंपरा सांगते. आपल्या नामदेवांची ६१ पदे ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्याच परंपरेची ही पंगत आहे. ती आपल्याला परकी का वाटावी?

फोटो पाहून देणग्या येतात, हे मान्य. रामकुंडावर वाटणाऱ्यांमुळे अनेकांचे पोट भरते, हेही मान्य. पण म्हणून भुकेल्या माणसाने चेहरा भाड्याने द्यायचा का? २०२७ च्या सिंहस्थात ठिकठिकाणी अन्नछत्रे लागतील, तेव्हा ही हौस कुठवर जाईल, या विचारानेच संताप येतो.

आता लिहिता लिहिता आठवले, की त्या पहिल्या रविवारी डोक्याला रुमाल आणि हातात परशाद्यांची टोपली असा स्वतःचा फोटो मीही घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात पंगतीतले कोणी दिसत नव्हते, एवढेच. आणि आज तरी मी काय केले? त्या चौघांना एका शब्दानेही न हटकता पायऱ्यांवर उभा राहिलो. पाकीट अखेर हातात आल्यावरही म्हाताऱ्याने ते लगेच उघडले नाही. "झाला का?" असे त्यांना विचारून मगच तो खाली बसला.